आत घेतलेली गॅलरी

४ मे, रविवार. काम : गॅलरीच्या सरकत्या काचा काढून ट्रॅक साफ करणे.

हे काम वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी करावंच लागतं. ट्रॅकमध्ये धूळ, कबुतरांची पिसं आणि मेलेले डास यांचा गाळ साचला की पाणी बाहेर पडायची भोकं बुजतात, आणि जूनमध्ये ते पाणी थेट हॉलमध्ये येतं. काच दोन्ही हातांनी वर उचलायची, खालची कड ट्रॅकमधून सोडवायची आणि तिरकी करून आत घ्यायची. काचा चार आहेत. कडेच्या दोन मी एकटी काढते. मधल्या दोन मोठ्या, त्यांना दुसरा माणूस लागतो. दुसरा माणूस, म्हणजे माझा नवरा, सोफ्यावर बसून मोबाइलवर एसी बघत होता.

"हा बघ, फाइव्ह स्टार. इन्व्हर्टर," तो म्हणाला. "वीज वाचते याच्यात."

"अहो, आधी काच धरा."

"अगं, वाचते म्हणतोय मी. तुझाच विषय आहे ना?"

घरात वीज वाचवणं हा माझा विषय आहे, असं कधीतरी ठरून गेलंय. का, तर रिकाम्या खोलीतला पंखा मी बंद करते, कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी लावते आणि गिझर चालू ठेवून कुणी पेपर वाचत बसलं की ओरडते. बाकीच्यांचा विषय वेगळा आहे. त्यांचा विषय वीज वापरणं.

एसीचं प्रकरण बुधवारी सुरू झालं. सासूबाई दुपारी गॅलरीतल्या दिवाणावर बसून साखरांब्यासाठी कैरी किसत होत्या. मी ठाण्याला, नौपाड्यातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये, माझ्या नोकरीवर. नवरा त्याच्या. घरात फक्त मुलगी, कॉलेजला सुट्टी म्हणून, कानात इअरफोन घालून बेडरूममध्ये. किसणी परातीत पडल्याचा आवाज तिने ऐकला हे नशीब. बाहेर येऊन बघते तर आजी कैरीच्या किसात हात टेकून तिरकी झालेली, तोंडावर पाणी मारलं तरी डोळे उघडेनात. मिनिटभराने उघडले. नाक्यावरचे डॉक्टर घरी आले, ब्लडप्रेशर बघितलं, मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि मी घरी पोचेपर्यंत थांबून मला म्हणाले, "यांना गार जागेत ठेवा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे पुन्हा झालं तर घरी निभावणार नाही. अख्खा मे पडलाय अजून."

शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याने जाहीर केलं की हॉलमध्ये एसी बसवायचा. सोमवारी सकाळी माणूस जागा बघायला येणार. मुलगी टाळ्या वाजवायची तेवढी बाकी होती. मी नाही म्हणाले नाही. सासूबाईंना पुन्हा चक्कर येऊ द्यायची नाही, याबद्दल घरात दोन मतं नव्हतीच. पण मी हो सुद्धा म्हणाले नाही, कारण ती गॅलरी इतकी का तापते ते मला ठाऊक होतं. ती मीच तापवलेली आहे.

आम्ही डोंबिवलीत या घरात आलो तेव्हा गॅलरी बाहेर होती. म्हणजे जिथे ती असायला हवी तिथे. एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, आणि हॉलच्या पुढे पश्चिमेला साडेचार फुटांची गॅलरी. मध्ये भिंत, भिंतीला एक दार आणि एक खिडकी. वरच्या मजल्याची गॅलरी आमच्या गॅलरीवर सावली धरायची. दुपारचं ऊन कठड्यापाशी यायचं, फरशीवर हातभर आत सरकायचं आणि तिथेच थांबायचं. हॉलमध्ये संध्याकाळी पाचपर्यंत अंधारं आणि गार असायचं. सासरे कामावरून आले की गॅलरीत घडीची खुर्ची टाकून बनियनवर बसायचे.

मग मुलगी झाली आणि घरात पाच माणसं झाली. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी त्या वर्षी गॅलरी आत घेतली. मधली भिंत पाडायची, कठड्यावर सरकत्या काचा लावायच्या, बाहेरून ग्रिल ठोकायचं, की झाला हॉल मोठा. त्यांचा हॉल बघून आमच्या तिसऱ्या मजल्याने घेतली, मग पहिल्याने. वर्षभरात आमच्या विंगमध्ये बाहेर राहिलेली गॅलरी एकटी आमची, आणि खालून बघताना ती दात पडल्यासारखी दिसायची. मीच घायकुतीला आले. नवऱ्याला काही पडलेली नव्हती. सासरे एवढंच म्हणाले, "अगं, मग वारा कुठून येणार?"

"पंखा आहे की, बाबा."

त्यांनी खुर्ची घडी करून दारामागे ठेवली. पंधरा दिवस सिमेंटची धूळ खाल्ली आम्ही, आणि पुढची कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला मी मोठ्या कौतुकाने सांगत होते की गॅलरी आत घेतल्यामुळे जागा किती वाढली.

जागा वाढली, हे खरंच. मुलगी हॉलमध्ये झोपायला लागली, आणि सासरे गेल्यावर सासूबाईंनी गॅलरीतला दिवाण धरला. तिथून त्यांना रस्ता दिसतो, भाजीवाला दिसतो, कोण कुणाच्या स्कूटरवर बसून आलं ते दिसतं. पण सरकत्या काचेची एक गोष्ट घेताना कुणी सांगत नाही. चार काचांतल्या दोनच उघडतात, उरलेल्या दोन त्यांच्यापुढे उभ्या राहतात. म्हणजे अर्धा वारा गेला. भिंत पाडल्यामुळे हॉलची सावली गेली. ऊन आता काचेवर सरळ पडतं. म्हणून आम्ही काचेला काळी फिल्म लावली. मग भरदिवसा अंधार झाला, म्हणून सकाळपासून ट्यूबलाइट. तरी गरम होतं म्हणून जाड पडदे, आतल्या बाजूने. ऊन आधी घरात घ्यायचं आणि मग त्याच्या तोंडावर पडदा ओढायचा. एकाचे दोन पंखे झाले. प्रत्येक वेळी आपण काहीतरी उपाय केला असं वाटत होतं, आणि प्रत्येक उपायाला एक नवीन बटण लागत होतं.

शनिवारी मी लॅबमधून वापरातून काढलेला एक थर्मामीटर घरी आणला. आमच्याकडे फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा लिहून ठेवावं लागतं, त्यामुळे न मोजता बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. दुपारी चार वाजता जिन्यात, सावलीत, पस्तीस. हॉलमध्ये अडतीस. सासूबाईंच्या दिवाणावर एक्केचाळीस. उन्हातून दमून आलेला माणूस आमच्या घरात शिरला की सहा डिग्री आणखी तापत होता.

"म्हणून तर एसी," नवरा म्हणाला.

तर रविवारी सकाळी, त्याने मोबाइल खाली ठेवून काच धरली तेव्हा, मी त्याला विचारलं, "हॉलला दार कुठाय?"

"कसलं दार?"

"एसी लावायचा तर खोली बंद करायला नको? इथून पॅसेज, पॅसेजमधून स्वयंपाकघर. तुम्ही आईंना गार करणार की माझ्या पोळीच्या तव्याला?"

"पडदा लावू प्लास्टिकचा. दुकानात असतो तसा."

"आणि ही काच? दिवसभर तापणार, आणि तुमचा फाइव्ह स्टार दिवसभर तिच्याशी झटणार. त्याच्यात कुठली वीज वाचणारे?"

"तू काय अख्ख्या देशाचा मक्ता घेतलायस का? आपल्या एका एसीने काय होणारे देशाचं?"

हा प्रश्न तो दरवर्षी एकदा विचारतो. काच हातातच होती, म्हणून मी हनुवटीने समोर दाखवलं. काढलेल्या काचेच्या जागेतून समोरची बिल्डिंग पहिल्यांदाच धड, काळ्या फिल्मशिवाय दिसत होती. चार मजले, सगळ्या गॅलऱ्या आत घेतलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येक ग्रिलला बाहेर एक एसीचं खोकं लटकलेलं. त्या बिल्डिंगच्या मागे तशीच दुसरी. रेल्वेच्या या बाजूला सगळ्या अशाच आहेत, त्या बाजूलाही, आणि पुढे कल्याणपर्यंत. प्रत्येक घराने आधी वारा बंद केला आणि मग गारवा विकत आणला. ही वीज काही आमच्या रस्त्यावर तयार होत नाही. कुठेतरी लांब कोळसा जळतो, त्याची राख दुसऱ्याच कुणाच्या अंगणात पडते. मंत्री-संत्री जगात कुठे जाऊन जो कमी करू म्हणून सही करून येतात, तो देशाचा धूर यातूनच येतो. समोरच्या ग्रिलवरच्या खोक्यांतून. तो वेगळा कुठे ठेवलेला नसतो.

"भाषण झालं असेल तर काच खाली ठेवू का?" नवरा म्हणाला. "हात भरून आले माझे."

अकरा वाजता मुलगी उठली. तिने याच वर्षी कॉलेजात घरगुती वीजवापर आणि देशाचं उत्सर्जन यावर प्रोजेक्ट केलं होतं. तक्ते केले, बाण काढले, चांगले मार्क पडले. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल.

"आई, एसी काय वाईट नसतो यार. सव्वीसवर ठेवायचा, बस. मी लिहिलंय ना प्रोजेक्टमध्ये."

"आणि काचेबद्दल काय लिहिलंयस?"

"काचेबद्दल काय लिहायचं?"

"हेच तर."

तिने केस बांधत काढलेल्या काचांकडे पाहिलं. "आपला हॉल काय भारी दिसतोय पण असा. काचा नकोच लावूया."

ते ती सहज बोलली, पण मला पटलं. ट्रॅक घासून झाले होते. मी काचा परत बसवल्याच नाहीत, चारही भिंतीला टेकवून ठेवल्या. ग्रिल होतंच, तेव्हा चोराचिलटाची भीती नव्हती. ऊन सव्वाबाराला कठड्यावर आलं, तेव्हा दोन जुन्या चादरी ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला बांधल्या. खाली कठड्यापाशी हातभर मोकळं सोडून, म्हणजे तिथून वारा यायला जागा. स्टुलावर चढून हात ग्रिलच्या बाहेर काढून गाठी मारताना समोरच्या वहिनींनी त्यांच्या काचेआडून हाक मारली. काच सरकवल्यावर ऐकू आलं.

"अहो वहिनी, हे काय? पेंटिंग काढलंय का घराचं?"

"नाही हो. गॅलरी जरा बाहेर काढतेय."

"बाहेर? परत?" त्या हसल्या. "आम्हाला नका सांगू हां बाई. आमच्या ह्यांनी ऐकलं तर ते पण खुर्ची घेऊन बसतील."

जेवण झाल्यावर सासूबाई दिवाणावर आडव्या झाल्या. एक ते साडेतीन झोपल्या. नुसत्या पडून नव्हत्या, घोरत होत्या. हॉलमध्ये वारा फिरत होता, कॅलेंडरची पानं फडफडत होती. चार वाजता थर्मामीटर बघितला, दिवाणावर छत्तीस. मी तो हातात घेऊन आधी नवऱ्याला दाखवला, मग मुलीला. पेशंटच्या हातात रिपोर्ट देताना आम्ही तोंड कोरं ठेवतो. तेवढं मला त्या दिवशी जमलं नसावं.

"एक पंखा पुरला," मी म्हणाले. "ट्यूबलाइट बंद. उद्या त्या माणसाला फोन करून सांगा, येऊ नको म्हणून."

"अगं, पण रात्री डास?"

"मच्छरदाणी."

"आणि वास? फॅक्टऱ्यांचा वास यायचा म्हणून तर काचा लावून घ्यायचो आपण."

"वास काचा लावूनही येतोच. काचेला विचारून येतो का तो?"

चहा ठेवायला मी आत वळले, तेव्हा दिवाणावरून आवाज आला.

"मला कुणी विचारलंय का?"

सासूबाई उठून बसल्या होत्या. पदर सारखा केला, चष्मा लावला. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो, कारण त्या मधे बोलत नाहीत. त्यांची पद्धत मागाहून, एकटीला गाठून बोलायची.

"मला एसी हवाय," त्या म्हणाल्या.

"अहो आई, पण आत्ता तुम्हाला किती छान झोप लागली..."

"दुपारी लागली. रात्रीचं काय? रात्री ऊन नसतं, तेव्हा तुझी चादर काय करणार? ही भिंत अशी तापलेली असते. मी रात्रभर इकडून तिकडे होते. तुम्हाला कुठे कळतं, तुम्ही झोपलेले असता."



"चैत्रातल्या हळदीकुंकवाला समोर गेले होते मी. त्यांच्या आजींच्या खोलीत बसवलं मला. तासभर बसले. अंगाला घामाचा टिपूस नाही. इतकं बरं मला कधी वाटल्याचं आठवत नाही." त्यांनी एक श्वास घेतला. "चाळीत एका दिव्यावर सगळं घर चालवलं मी. स्टोव्हला रॉकेल पुरवून पुरवून वापरलं. पाट्यावर वाटण वाटलं, मिक्सर आला तो तुझ्या लग्नानंतर. मी आजवर किती वीज वापरली गं? आणि आता देशाची वीज वाचवायची तर सुरुवात माझ्यापासून?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात 'बघ, मी म्हणत होतो' होतं. आणखी राग त्याचाच आला. आपल्या आईला रात्रभर झोप लागत नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

 घरातल्या सगळ्या माणसांनी आयुष्यभरात जाळलेली वीज मोजायचं यंत्र असतं, तर त्यांचा आकडा सगळ्यात खाली निघाला असता, आमच्या मुलीच्याही खाली. वाचवा म्हणून सांगायला मी बरोबर त्यांनाच धरलं होतं. आमच्या लॅबच्या वेटिंग हॉलमध्ये एसी अठरावर असतो आणि रिसेप्शनवरची मुलगी मे महिन्यात शाल पांघरून बसते. तिथे मी कितीदा बोलले? दोनदा. मग सोडून दिलं. घरातल्या म्हातारीशी मात्र थर्मामीटर घेऊन वाद घालत होते.

अडलं की मी काम काढते. चहा दिला आणि सकाळची भांडी घासायला घेतली. कुकरचा तळ घासता घासता एकेक गोष्ट सुटी करत गेले. त्यांना गारवा हवा, तो हट्ट नव्हता, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. काचा काढून दुपार सांभाळता येते, तापलेल्या भिंतीची रात्र मात्र सांभाळता येत नाही. तेव्हा एसी येणार. पण तो या हॉलमध्ये बसला की दार नसलेला हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघर असं सगळं तो गार करत बसणार, काचा पुन्हा लागणार, गॅलरी पुन्हा बंद होणार, आणि एका माणसाच्या झोपेसाठी चार माणसांच्या जागेचा वारा जाणार. मग घरात दार असलेली, पश्चिमेचं ऊन न लागणारी, लहान खोली कोणती? एकच होती. त्यात आम्ही दोघं झोपत होतो.

बेडरूमची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उघडते. घर घेताना मला ती कोंदट वाटली होती. हात पुसून मी थर्मामीटर तिथे ठेवला. अर्ध्या तासाने तेहतीस. घरातली सगळ्यात गार जागा आम्ही धडधाकट माणसांनी अडवली होती आणि सगळ्यात तापलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दिली होती. आणि इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. लग्न झालेल्यांची बेडरूम, हे ठरलेलंच.

सात वाजता मी सगळ्यांना सांगितलं. एसी बेडरूममध्ये. बेडरूम आईंची. आम्ही दोघं गॅलरीत झोपणार. काचा पाऊस येईपर्यंत निघालेल्याच राहणार.

"आपण गॅलरीत?" नवरा म्हणाला. "या वयात?"

"आईंनी किती वर्षं काढली?"

 सासूबाई बोलल्या.

"तुमची खोली मी घेऊ? लोक काय म्हणतील? पोराला आणि सुनेला गॅलरीत झोपवलं म्हणून."

"लोकांनी स्वतःच्या गॅलऱ्या बघाव्यात आधी."

"आणि मी दिवसभर करू काय तिथे? समोर नुसती भिंत."

"सकाळ-संध्याकाळ इथेच बसा ना तुमच्या दिवाणावर. बारा ते पाच आणि रात्री फक्त आत."

त्यांनी जरा विचार केला. "एसी लावला म्हणजे दार लावून घ्यावं लागेल?"

"लावावंच लागतं. नाहीतर काय उपयोग?"

"म्हणजे मी आत, आणि दार लावलेलं." त्या ते वाक्य चव घेतल्यासारखं बोलल्या. लग्न होऊन आल्या त्या चाळीतल्या एका खोलीत, मग इथे हॉलमध्ये, मग गॅलरीत. दार लावून झोपायची खोली त्यांना अजून मिळालीच नव्हती. "बरं," त्या म्हणाल्या. "पण कपाटातल्या तुमच्या साड्या, कागद काय लागतील ते आधी काढून घ्या. उगीच दर पाच मिनिटांनी दार वाजवायचं नाही."

"मी पण आजीजवळ झोपणार," मुलगी म्हणाली.

"तू? तुझं प्रोजेक्ट?"

"आई, एका एसीत दोन माणसं म्हणजे दरडोई अर्धाच झाला."

"हिला घेईन मी," सासूबाई म्हणाल्या. "पण मोबाइल बाहेर ठेवायचा."

त्या रात्री आम्ही नवीन व्यवस्थेनेच झोपलो. नवरा मच्छरदाणीत शिरताना दोनदा अडकला आणि गॅलरी किती वाईट आहे यावर झोप लागेपर्यंत बोलला. झोप त्याला दहाव्या मिनिटाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबला उशिरा येते म्हणून कळवलं. एसीवाला नऊची वेळ देऊन पावणेदहाला आला. सवयीने सरळ हॉलमध्ये गेला, वर बघितलं, गॅलरीकडे बघितलं.

"काकू, हा हॉल, ही गॅलरी, वर पश्चिम. दीड टनाचा दिवसभर पळत राहील, बंदच नाही होणार. इथे दोन टनच पायजे."

"तो इथे नाही लावायचा. आत या."

बेडरूम बघून तो जरा हिरमुसला. "इथे तर एक टन पण पुष्कळ झाला. पण काकू, सगळे लोक हॉलमध्येच लावतात. आल्या-गेल्याला दिसतो."

"आमच्याकडे येणारे घरचेच असतात. इथेच लावा. दाराखालची फट किती चालेल ते सांगा, आणि वरचा झरोका कशाने बंद करायचा तेही."

त्याने टेप लावली, भिंतीवर पेन्सिलने खूण केली. बाहेरचं खोकं शेजारच्या भिंतीच्या बाजूला, जिथे ऊन येत नाही तिथे लावायचं, हेही मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. रिमोट आईंच्या उशाशी राहणार, हे मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणजे नंतर घरात खेचाखेची नको. सासूबाईंनी त्याला फक्त एक प्रश्न विचारला, त्याचा आवाज किती येतो. तो म्हणाला, "आजी, पंख्यापेक्षा कमी." त्यांनी मान हलवली.

एसी बुधवारी बसणार होता. मधे दोन दुपारी काढायच्या होत्या. मी माझ्या साड्या आणि नवऱ्याच्या फायली कपाटातून काढून हॉलमध्ये सोफ्यामागे रचल्या. चारही काचा जुन्या गोधडीत गुंडाळून दिवाणाखाली सरकवल्या. सासूबाईंची औषधं, चष्म्याचं घर, जपमाळ आणि पाण्याचा तांब्या बेडरूममध्ये नेऊन ठेवला, टेबल फॅन पलंगाच्या पायथ्याशी लावला. मुलीला सांगितलं, बाराच्या आत आजी या खोलीत आली पाहिजे, दर तासाला पाणी द्यायचं आणि मला मेसेज करायचा. मग डबा भरला, चपला घातल्या आणि साडेदहाला कामावर निघाले.